वर्गणी की खरेदी? : व्हिडिओ गेमचा घरगुती हिशेब

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालकांपुढे केलेले भाषण)



आपल्या चिटणिसांनी आम्हांस या विषयावर बोलण्याची विनंती केली, तेव्हा आम्ही तत्काळ नकार दिला होता. आमचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत, म्हणजे मॅट्रिकपर्यंतचे. पुढील सारे आयुष्य शाळेत त्रैराशिक, नफा-तोटा आणि सरळव्याज शिकविण्यात गेले. व्हिडिओ गेम हा शब्दच आमच्या जिभेवर उशिरा चढला. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, खेळाविषयी मुले बोलतील. आपण फक्त हिशेबाविषयी बोला." हिशेब म्हटल्यावर आम्हांस मागे सरता येईना. शिवाय या हिशेबात आम्ही स्वतः एकदा नापास झालो आहोत. आणि नापास झालेल्या मास्तराचे बोलणे कदाचित अधिक उपयोगी पडेल, असे वाटून येथे उभे राहण्याचे धाडस केले आहे.

गोष्ट अशी घडली. आमचा नातू, म्हणजे कन्येचा मुलगा, नववीची परीक्षा देऊन मे महिन्याच्या सुटीत आमच्याकडे आला होता. त्याच्या मामाने आणलेले खेळाचे यंत्र, ज्यास ही मुले कन्सोल म्हणतात, ते घरात होतेच. नातू म्हणाला, "आजोबा, एका महिन्याची वर्गणी भरली, तर शेकडो गेम खेळायला मिळतील." रक्कम पाचशेच्या आतबाहेरची होती. आम्ही कौतुकाने बँकेचे कार्ड पुढे केले. सुटी संपली, नातू आपल्या घरी गेला, दहावीचे वर्ष सुरू झाले, आणि यंत्रावर आमच्या सूनबाईंनी कापड घातले. पुढील एप्रिलात आम्ही पासबुक भरून घेतले, तेव्हा डोळे विस्फारले. तीच रक्कम दरमहा, एकूण बारा वेळा कापली गेली होती! एक महिना उपयोगाचा आणि अकरा महिने वाया. साडेपाच हजारांच्या घरातील निवृत्तिवेतन कोणीही न खेळलेल्या खेळांवर खर्च झाले होते.

त्या दिवशी आम्ही जे केले, ते सांगताना आजही संकोच वाटतो. नातू परीक्षा संपवून नुकताच आला होता. त्याची विचारपूसही न करता, सर्वांच्या देखत, आम्ही त्यास अप्रामाणिक ठरविले. मुलगा काही वेळ गप्प राहिला. मग त्याने आमचाच मोबाइल मागून घेतला आणि त्यातील संदेश एकेक करून आमच्यापुढे धरले. प्रत्येक महिन्यास, पैसे कापले जाण्याच्या आदल्या दिवशी, बँकेने आम्हांस कळविले होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा आपोआप होणाऱ्या कपातीपूर्वी किमान २४ तास अगोदर सूचना देणे बंधनकारक झाले आहे. सूचना आल्या होत्या. बँकेची जाहिरात समजून आम्हीच त्या वाचल्या नव्हत्या. नातवाची चूक एवढीच, की सुटी संपताना वर्गणी बंद करण्याचे तो विसरला. आमची चूक त्याच्या बारापट मोठी. संध्याकाळी आम्ही त्याची क्षमा मागितली, आणि दुसऱ्या दिवशी आजोबा व नातू असे दोघे वही-पेन्सिल घेऊन बसलो. आजचे भाषण ही त्या वहीचीच सुधारलेली प्रत होय.

आता मूळ विषयाकडे वळू. वर्गणी भरून उपभोग घ्यावा की वस्तू विकत घ्यावी, हा प्रश्न आपणांस नवा नाही. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी वाचनालयाची वर्गणी भरली आहे, अनामत ठेवली आहे, आणि तासावर भाड्याने सायकलही घेतली आहे. व्हिडिओ गेमच्या धंद्यातही ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत सेगा या जपानी कंपनीने १९९४ साली केबलच्या तारेवरून गेम पुरविण्याची मासिक वर्गणीची योजना काढली होती; ती १९९८ साली बंद पडली. त्या काळी तेथे गेम भाड्याने देणारी दुकानेही गावोगाव होती. संगणकाची सॉफ्टवेअरे भाड्याने देण्यावर अमेरिकेत १९९० च्या कायद्याने बंधन आले, परंतु कन्सोलवरील गेमना त्यातून वगळण्यात आले होते.

आजच्या स्वरूपातील वर्गणीला खरा जोर आला तो २०१७ पासून. त्या वर्षीच्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स गेम पास ही योजना अमेरिकेत महिन्यास ९.९९ डॉलर दराने सुरू केली, आणि शंभराहून अधिक गेम त्यात ठेवले. पुढे जानेवारी २०१८ मध्ये तिने जाहीर केले, की आपण स्वतः प्रकाशित केलेले नवे गेम बाजारात येतील त्याच दिवशी वर्गणीदारांनाही मिळतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये या योजनेचे ३ कोटी ४० लाख वर्गणीदार असल्याचे कंपनीने सांगितले. सोनी कंपनीची प्लेस्टेशन प्लस ही योजना २०१० पासून होती. २०२२ साली तिच्या तीन पायऱ्या करण्यात आल्या. मोबाइलवर खेळणाऱ्यांसाठी ॲपलने २०१९ साली आणि गूगलने २०२२ साली भारतात महिन्यास ९९ रुपयांच्या योजना आणल्या. म्हणजे श्रीमंताच्या दिवाणखान्यापासून सामान्याच्या खिशापर्यंत वर्गणी येऊन पोहोचली आहे.

आता वही उघडू. प्लेस्टेशन ५ हे यंत्र भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आले, तेव्हा सोनीच्या नव्या मोठ्या गेमची किंमत ४,९९९ रुपये असे. २०२२ साली तिच्या मधल्या पायरीच्या वर्गणीचा दर वर्षास ४,९९९ रुपये होता. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले, की पहिला धडा आपोआप मिळतो. वर्षातून एकच नवा गेम विकत घेणारा आणि वर्षभर वर्गणी भरणारा, या दोघांचा खर्च समान. मात्र त्याच वर्गणीचा मासिक दर ७४९ रुपये होता. १२ ने गुणल्यास ८,९८८ रुपये होतात. म्हणजे वर्षाचे पैसे एकदम न देता महिन्यामहिन्याने देणाऱ्यास ३,९८९ रुपये अधिक पडतात. उलट ज्यास सुटीतील एकच महिना खेळावयाचे आहे, त्याचे काम ७४९ रुपयांत होते. तेव्हा वर्गणी स्वस्त की महाग, या प्रश्नास एकच उत्तर नाही. किती महिने खेळणार, हे आधी ठरविले पाहिजे.

दुसरा धडा नातवाने शिकविला. आम्ही विकत घेतलेल्या गेमचा खर्च ४,९९९ रुपये मांडला, तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, डिस्क खेळून झाल्यावर विकता येते, ते तुम्ही धरलेच नाही." समजा, ती डिस्क पुढे ३,००० रुपयांस विकली गेली, तर खरा खर्च १,९९९ रुपयेच झाला. आमच्या पिढीतील लोक जुनी क्रमिक पुस्तके अर्ध्या किमतीत घेत आणि पुढील वर्षी विकून टाकीत. तोच हा न्याय. शिवाय धीर धरणाऱ्यास आणखी लाभ असतो. नवा गेम वर्षा-दीड वर्षात बहुधा पुष्कळ सवलतीने मिळू लागतो. वर्गणीचा पैसा मात्र एकदा गेला की गेला. त्यातून पुढे विकण्याजोगे काहीच हाती राहत नाही.

तरीही वर्गणीची बाजू लंगडी आहे असे समजू नये. आमची धाकटी नात हिचे उदाहरण घ्या. तिने त्या एका महिन्यात दहा-बारा गेम उघडून पाहिले. बहुतेक आवडले नाहीत. परंतु बागेची निगा राखण्याचा एक लहानसा गेम तिला इतका आवडला, की ती त्यात रमून गेली. तो गेम आपणांपैकी कोणीही दुकानातून विकत आणला नसता. वाचनालयात कपाटे चाळता चाळता अनोळखी लेखक भेटावा, तसे हे झाले. ज्या मुलास चाखून पाहण्याची आवड आहे, त्यास वर्गणी लाभते. ज्यास एकच खेळ महिनोन्‌महिने खेळावयाचा आहे, त्यास खरेदी लाभते. आमचा नातू फुटबॉलचा एकच गेम वर्षभर खेळतो. त्याच्यासाठी शेकडो गेमची वर्गणी म्हणजे एक भाकरी खाणाऱ्याने पंक्तीचे पान विकत घेण्यासारखे आहे.

मग कंपन्यांना ही वर्गणी का परवडते? येथे थोडे गणित करावे लागेल. बालमित्रांनी लक्ष द्यावे. समजा, एका दुकानात दोन गेम आहेत, एक फुटबॉलचा आणि एक कोड्यांचा. मुलगा फुटबॉलसाठी ४०० रुपये देण्यास तयार आहे, कोड्यांसाठी १०० रुपयेच. मुलीचे नेमके उलट. दुकानदाराने प्रत्येक गेम ४०० रुपयांस विकला, तर प्रत्येकजण आपल्या आवडीचा एकच घेईल आणि गल्ल्यात ८०० रुपये पडतील. त्याने दोन्हींची जोडी ५०० रुपयांस ठेवली, तर दोघेही जोडी घेतील. गल्ल्यात १,००० रुपये पडतील, आणि प्रत्येक मुलास एकाऐवजी दोन गेम मिळतील. खाणावळीत प्रत्येक वाटी निराळी न विकता पूर्ण थाळी विकतात, ती याचसाठी. थाळीतील भात तरी खाणावळवाल्यास शिजवावा लागतो. गेमची आणखी एक प्रत तारेवरून पाठविण्यास कंपनीस जवळजवळ काहीच खर्च येत नाही. म्हणून थाळी जितकी मोठी, तितकी ती तिला सोयीची. शिवाय जो वर्गणी भरतो आणि खेळत नाही, तो तर कंपनीचा सर्वांत आवडता गिऱ्हाईक! आम्ही अकरा महिने तसेच गिऱ्हाईक होतो. पूर्वी वाचनालयाचा शिपाई वर्गणीसाठी दारी येई, आणि दोन महिने थकली की आपले नाव पटावरून निघे. आता वर्गणी थकतच नाही. आपण वाचनालयात पाऊल टाकले नाही तरीही ती भरली जाते. (आपल्या मंडळाची वर्गणी मात्र कोणाच्याही खात्यातून आपोआप कापली जात नाही, हे आमच्या खजिनदारांस निराळे सांगण्याची गरज नाही.)

आता यातील धोका पाहू. वर्गणीचा लगाम आपल्या हाती नसतो. गेम पासच्या सर्वांत वरच्या पायरीचा अमेरिकेतील दर २०१९ साली महिन्यास १४.९९ डॉलर होता. २०२३ साली तो १६.९९, २०२४ साली १९.९९, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून २९.९९ डॉलर करण्यात आला. सहा वर्षांत दुप्पट! या शेवटच्या दराने वर्षाचे ३५९.८८ डॉलर होतात, आणि तेवढ्यात तेथे ६९.९९ डॉलर किमतीचे पाच नवे गेम विकत येतात. सोनीनेही सप्टेंबर २०२३ मध्ये वार्षिक वर्गणी वाढविली, अमेरिकेतील ५९.९९ डॉलरची पायरी ७९.९९ वर गेली. गेमच्याही किमती वाढल्या आहेत, हे खरे. तेथे ५९.९९ डॉलरला मिळणारे मोठे गेम २०२० पासून ६९.९९ वर गेले. परंतु विकत घेतलेल्या गेमची किंमत आपण घेतल्यानंतर वाढत नाही. वर्गणीची वाढते, आणि ती न दिल्यास हातचे सर्व गेम एकाच दिवशी जातात. दुसरे असे, की वर्गणीतील यादी स्थिर नसते. ग्रँड थेफ्ट ऑटो ५ हा सुप्रसिद्ध गेम, जो लहान मुलांसाठी मुळीच नव्हे, गेम पासमध्ये अनेकदा आला आणि अनेकदा गेला. अर्धे पुस्तक वाचून व्हावे आणि ग्रंथपालाने ते कपाटातून काढून न्यावे, असा तो प्रकार.

येथे आमच्या मनात विचार आला, की मग खरेदीच उत्तम. परंतु नातवाने आमचा हाही गर्व उतरविला. त्याने दाखवून दिले, की आजची खरेदी ही पुष्कळदा खरेदी नसतेच. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा द क्रू नावाचा मोटार-शर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये निघाला. तो कंपनीच्या दूरच्या यंत्राशी जोडल्याशिवाय चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ते यंत्र बंद केले, आणि ज्यांनी रोख पैसे मोजून तो घेतला होता, त्यांच्या हातातील तबकडीही निरुपयोगी झाली. त्यातून युरोपात ग्राहकांची मोठी चळवळ उभी राहिली, आणि जुलै २०२५ पर्यंत तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, की ग्राहकास फक्त वापरण्याचा परवाना मिळत असेल, तर विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगावे. तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. गूगलची स्टेडिया ही योजना जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हा कंपनीने तेथे विकत घेतलेल्या गेमचे पैसे परत केले, हे सांगणे न्यायाचे होईल. परंतु सर्वच कंपन्या तसे करतील, असा भरवसा नाही.

आमच्या घरी आजोबांच्या काळचा सोंगट्यांचा कापडी पट आहे. त्यावर आजोबा खेळले, वडील खेळले, आम्ही खेळलो. कापड विरले, पण कोणी येऊन तो पट बंद केला नाही. मालकी म्हणजे काय, हे त्या पटाकडे पाहिले म्हणजे कळते. म्हणून विकत घेताना मुलांस एक प्रश्न अवश्य विचारावा: "हा खेळ इंटरनेट नसताना चालेल काय?" चालत असेल, आणि तबकडीवर असेल, तर ती खरी खरेदी. नसेल, तर ते लांब मुदतीचे भाडे समजावे आणि त्याच मानाने किंमत द्यावी.

खेळ बनविणाऱ्यांचाही विचार केला पाहिजे, कारण आपल्या ज्ञातीतील काही मुले आज याच उद्योगात शिरू पाहत आहेत. वर्गणीत गेम देणाऱ्यास बहुधा काही रक्कम आधी मिळते. लहान कारागिरास तो मोठा आधार असतो. परंतु दुसरी बाजूही आहे. ब्रिटनमधील स्पर्धा-नियामक संस्थेने मायक्रोसॉफ्ट व ॲक्टिव्हिजनच्या व्यवहाराची चौकशी केली, तेव्हा २०२३ साली ही गोष्ट पुढे आली, की गेम पासमध्ये ठेवल्यानंतरच्या बारा महिन्यांत त्या गेमची विक्री घटते, असे मायक्रोसॉफ्टचेच अंतर्गत विश्लेषण सांगत होते. जपानमधील टँगो गेमवर्क्सचा हाय-फाय रश हा गेम जानेवारी २०२३ मध्ये पहिल्याच दिवशी वर्गणीत आला आणि त्याची सर्वत्र वाखाणणी झाली. तरीही मे २०२४ मध्ये तो कारखाना बंद करण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले. पुढे ऑगस्टमध्ये एका कोरियन कंपनीने तो घेतला. वाहवा आणि पोट यांचा मेळ बसतोच असे नाही, हे या धंद्यात शिरणाऱ्या तरुणांनी ध्यानी धरावे.

आता आमच्या वहीचा निष्कर्ष थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट, मागील वर्षी मुलांनी खरोखर किती गेम खेळले, ते मुलांसमवेत बसून लिहून काढावे. दोन-तीनच असतील, तर डिस्क विकत घ्यावी, शक्य तर जुनी. पुष्कळ असतील, तर वर्गणी घ्यावी. बारा महिने खेळणार असाल तर वार्षिक, आणि सुटीपुरतीच असेल तर एका महिन्याची. दुसरी गोष्ट, एका महिन्याची वर्गणी ज्या दिवशी भराल, त्याच दिवशी पुढील नूतनीकरण बंद करून टाकावे. प्लेस्टेशन प्लस व गेम पास या दोहोंत तसे केले, तरी भरलेल्या मुदतीपर्यंत खेळता येते. तिसरी गोष्ट, यंत्र घेताना डिस्कचे घ्यावे की बिनडिस्कचे, याचा विचार करावा. प्लेस्टेशन ५ भारतात आले तेव्हा डिस्कचे ४९,९९० आणि बिनडिस्कचे ३९,९९० रुपयांस होते. ते दहा हजार वाचविणारा जुनी डिस्क घेण्याचा, विकण्याचा आणि उसनी देण्याचा हक्क गमावतो. आणि चौथी गोष्ट आम्हां वृद्धांसाठी: बँकेचा संदेश वाचावा.

शेवटी कार्यकारी मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. वर्गणीतील गेम शेजाऱ्यास उसना देता येत नाही. तबकडी देता येते. आपल्या मंडळाच्या वाचनालयात एक कपाट रिकामे आहे. ज्या कुटुंबांत खेळून झालेल्या डिस्क पडून आहेत, त्यांनी त्या तेथे आणून ठेवाव्यात. एक नोंदवही ठेवावी. कोणत्या वयास कोणता गेम योग्य, हे पालकांनी तपासावे. आणि दर रविवारी सकाळी मुलांनीच देवघेव चालवावी. पाच घरांनी प्रत्येकी एक डिस्क आणली, तर प्रत्येक घरास पाच गेम मिळतील, आणि मुलांची एकमेकांशी ओळख होईल ती निराळीच. नोंदवही सांभाळण्याचे काम आमच्या नातवाने आपण होऊन पत्करले आहे. ज्या मुलास आम्ही एकदा अप्रामाणिक म्हटले, त्याच्या हाती सर्वांच्या वस्तूंचा हिशेब देताना आम्हांस आज जे समाधान वाटते, ते शब्दांत सांगता येणार नाही.

 बोलण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास क्षमा असावी. मुलांनी खेळावे, मनसोक्त खेळावे. आणि खेळाचा हिशेबही आईवडिलांशेजारी बसून स्वतः मांडावा, एवढेच मागणे मागून आम्ही आपली रजा घेतो.